‘द मोर’मधला ‘द’ आणि आपले ‘तेणें’

गेल्या दिवाळीत नातू घरी आला होता. तो आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत सातवीत शिकतो. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी दखनी, असे आपल्या भागातल्या कोणत्याही मुलाचे असते तसेच त्याचे आहे. सुट्टीचा अभ्यास करता करता तो अडला आणि वही घेऊन माझ्यापाशी आला. वाक्य होते, ‘द मोर यू रीड, द मोर यू नो.’

“आबा, हे ‘द’ इथं कशाला आलं? ‘द’ तर नामाच्या आधी येतो ना? ‘द बुक’, ‘द रिव्हर’. ‘मोर’ हे काय नाम आहे?”

प्रश्न बिनतोड होता. मी चाळीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि खरे सांगायचे तर मी स्वतःलाही तो विचारला नव्हता. ‘ही इंग्रजीची लकब आहे, पाठ करा’, एवढे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. नातवालाही मी तेच सांगणार होतो. पण तो पुढे म्हणाला, “आमच्या वर्गात सांगतात, घरची भाषा डोक्यात ठेवली की इंग्रजी येत नाही.” हे वाक्य मात्र मला टोचले. मी त्याला म्हटले, “थांब. या ‘द’चे उत्तर घरच्या भाषेतच सापडेल.”

या लेखात मी ते उत्तर मांडणार आहे. प्रश्न व्याकरणाचा असला तरी गोष्ट इतिहासाची आहे, आणि त्या इतिहासात आपला जिल्हाही येतो.

आधी वाक्याची घडण पाहू. ‘द सूनर द बेटर’, ‘द मोर द मेरियर’. या वाक्यांत क्रियापद नाही, दोन भागांना जोडणारे अव्ययही नाही. तरी अर्थ पुरा कळतो : जितक्या लवकर तितके बरे, जितकी माणसे जास्त तितकी मजा जास्त. ‘द मोर द मेरियर’ ही म्हण जॉन हेवुड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात आहे, म्हणजे ती शिवछत्रपतींच्या जन्माआधी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीच रूढ झालेली होती. इंग्रजीत सहसा कर्ता आधी, मग क्रियापद आणि मग कर्म. ‘द मोर बुक्स यू रीड’ या वाक्यात मात्र कर्म उडी मारून पुढे येते आणि त्याच्याही पुढे हा ‘द’ उभा असतो. शिस्तीच्या पलटणीत एकच शिपाई उलटा उभा असावा, तसे हे वाक्य दिसते.

या कोड्याची किल्ली जुन्या इंग्रजीत आहे. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्यासारखी विभक्तिहीन नव्हती. तिला आपल्यासारखी तीन लिंगे होती. आपण ‘तो, ती, ते’ म्हणतो तसे ते लोक ‘से, सेओ, थॅट’ म्हणत. त्या सर्वनामाच्या विभक्तीही होत्या, आणि त्यांतले एक रूप तृतीयेचे, म्हणजे करणाचे होते. त्याचा उच्चार ‘थ्यू’च्या जवळपास होता आणि अर्थ ‘त्याने’, ‘त्यायोगे’. तुलनेच्या शब्दाआधी हे रूप येई. ‘थ्यू अधिक’ म्हणजे ‘त्यायोगे अधिक’. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्याच्या आगेमागे दोनतीनशे वर्षांत शब्दांची शेपटे झिजत गेली, लिंगे गेली, विभक्तीही गेल्या. नामाआधीचे सर्वनाम झिजून ‘द’ झाले आणि हे तृतीयेचे रूपही झिजून ‘द’च झाले. दोन वेगळी नाणी इतकी घासली गेली की दोन्ही सारखीच दिसू लागली. ‘द बुक’मधला ‘द’ आणि ‘द मोर’मधला ‘द’ यांची वही एक, पण खाती दोन. नातवाची शंका रास्त होती, ‘द मोर’मधला ‘द’ हे उपपद नव्हेच.

हाच ‘द’ इतरत्रही लपून बसला आहे. ‘नेव्हरदलेस’ हा शब्द फोडून पाहा : नेव्हर, द, लेस. म्हणजे ‘त्यायोगे काही कमी नाही’, आपल्या भाषेत ‘तरीसुद्धा’. ‘ऑल द बेटर’मध्येही तोच आहे. जर्मन भाषेत अशाच वाक्यात ‘डेस्टो’ शब्द येतो आणि त्याच्याही पोटात असेच एक जुने तृतीयेचे रूप आहे. लॅटिनमध्ये ‘क्वो... एओ’ अशी जोडी येते, तीही अशाच अर्थाच्या विभक्तीतली. युरोपच्या या भाषांनी एकच युक्ती वापरली आहे : ‘ज्यायोगे अधिक, त्यायोगे अधिक.’

वाचकहो, आता आपल्या घरात पाहू. आजोबा-पणजोबांच्या पेटीतला एखादा जुना दस्तऐवज काढा. त्यात ‘येणेप्रमाणे’ हा शब्द बहुधा सापडेल. सरकारी पत्रात आजही ‘जेणेकरून’ लिहितात आणि जुन्या लेखनात ‘तेणेकरून’ येते. हे ‘येणें, जेणें, तेणें’ कोण? संस्कृतातल्या ‘येन’, ‘तेन’ यांची प्राकृतातून उतरलेली ही मराठी तृतीयेची रूपे. ज्ञानेश्वरांच्या काळी ती जिवंत होती. पसायदानातले ‘येणें’ आपण रोज म्हणतो. पुढे ‘त्याने’, ‘ज्याने’ ही नवी रूपे आली आणि जुनी रूपे बोलण्यातून गेली. ती फक्त ठरावीक शब्दांत गोठून राहिली. ‘द मोर’मधला ‘द’ हा इंग्रजीतला ‘तेणें’ आहे. विभक्ती गेली आणि तिचा एक अवशेष तुलनेच्या वाक्यात अडकून राहिला. नदी आटते, पण खडकाच्या खळग्यात थोडे पाणी राहते, तसे.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळाच्या बहिणी असाव्यात, असे मांडले. १८२२ मध्ये जर्मनीत याकोब ग्रिम यांनी दाखवले की इतर बहिणींच्या ‘त’च्या जागी इंग्रजीच्या कुळात ‘थ’ येतो. ‘तीन’ला ‘थ्री’, ‘तनु’ला ‘थिन’, ‘तत्’ला ‘दॅट’. त्याच हिशेबाने आपला ‘त’ आणि त्यांचा ‘द’ एकाच जुन्या दर्शक सर्वनामाचे वंशज ठरतात. म्हणजे नातवाच्या वहीतला तो परका वाटणारा ‘द’ नात्याने आपल्या ‘तो’चा दूरचा चुलतभाऊ निघाला!

फरक आहे तो एका ठिकाणी. आपण पहिल्या भागात ‘ज’ आणि दुसऱ्या भागात ‘त’ वापरतो : जितके-तितके, जसा-तसा, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा. ‘जसा राजा तशी प्रजा’, ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’. ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दापासूनच कळते की हा निम्मा भाग आहे, उरलेला यायचा आहे. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामच संबंधी सर्वनामाचेही काम करी, म्हणून तिथे ‘ज’ला आणि ‘त’ला एकच शब्द आला. ‘द मोर यू रीड’मधला पहिला ‘द’ म्हणजे आपला ‘ज’ आणि ‘द मोर यू नो’मधला दुसरा ‘द’ म्हणजे आपला ‘त’. हे कळले की वाक्य पाठ करावे लागत नाही आणि दुसरा ‘द’ विसरतही नाही. कारण ‘जितके’ म्हटल्यावर ‘तितके’ म्हटल्याशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही.

आता आपल्या शेजाऱ्याकडे जाऊ. तेलुगूत म्हणतात, ‘एंत तोंदरगा वस्ते अंत मंचिदि’. ‘एंत’ म्हणजे ‘किती’, ‘अंत’ म्हणजे ‘तितके’, ‘वस्ते’ म्हणजे ‘आले तर’. शब्दशः अर्थ : ‘किती लवकर आले तर तितके चांगले.’ तेलुगूत आपल्या ‘जो’सारखे वेगळे संबंधी सर्वनाम नाही. ते काम प्रश्नवाचक शब्द करतो आणि ‘तर’चा अर्थ क्रियापदाच्या शेपटीत येतो. घडण निराळी, पण तोल तोच : इकडे एक माप, तिकडे एक माप. म्हणून तेलुगू घरातले मूल इंग्रजीत ‘हाऊ मच यू रीड, दॅट मच गुड’ म्हणाले, तर ते मूर्खपणाने नव्हे, आईच्या भाषेच्या तर्काने म्हणते. त्याची चूकही व्याकरणशुद्ध असते! शिक्षकाने ती चूक कुठून आली हे ओळखले, तर सुधारणा एका मिनिटात होते. नुसते हसला, तर मूल गप्प बसते आणि पुढे बोलतच नाही.

तेलुगू आपल्या कुळातली नाही. दक्षिणेच्या भाषांचे कूळ वेगळे आहे, हे फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ मध्ये मद्रासला तेलुगू व्याकरणाच्या एका ग्रंथाला जोडलेल्या टिपणात मांडले. पण कूळ वेगळे म्हणून घरोबा होत नाही असे थोडेच आहे? १९५६ साली मरे एमिनो यांनी ‘भारत हे एक भाषिक क्षेत्र’ हा विचार मांडला. वेगळ्या कुळांच्या भाषा शेजारी नांदल्या की त्यांची वाक्ये एकमेकींच्या वळणावर जातात, असा त्याचा आशय. पुढे गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावच्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. शब्द तीन भाषांचे, पण वाक्याचा साचा जवळजवळ एकच, असे त्यांना तिथे आढळले. आपल्या चौकात पाच मिनिटे उभे राहिले तर याचा पुरावा मिळतो.

एमिनोंचे नाव घेतले की आपल्या जिल्ह्याचा उल्लेख करावाच लागतो. त्यांचा कोलामी भाषेवरचा ग्रंथ १९५५ चा. त्यांनी अभ्यासली ती वर्ध्याकडची कोलामी. आदिलाबादकडच्या कोलामीचे व्याकरण त्याआधीच, १९५० मध्ये हैदराबादला छापले गेले होते आणि ते लिहिणारा मराठी माणूस होता : सेतुमाधवराव पगडी. महाराष्ट्र त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. निजामाच्या राज्यात अधिकारी असताना ते आपल्या जिल्ह्यात आले. १९४० च्या कोमरम भीमच्या उठावानंतर इथल्या गोंडांची स्थिती पाहायला सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आणले आणि १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. तिथली गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. त्याच काळात पगडी गोंडी आणि कोलामी शिकले. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांनी साहेबाची भाषा शिकावी, असा तो काळ. त्या काळात एका अधिकाऱ्याने पाड्यावरच्या माणसाची भाषा शिकून तिचे नियम लिहून काढले. लिपी नसलेल्या भाषेलाही व्याकरण असते आणि ते इंग्रजीच्या व्याकरणाइतकेच रेखीव असते, हे आदिलाबादने तेव्हाच पाहिले आहे.

मग आपल्याच मुलांना आपण उलटे का सांगतो? आपल्या जिल्ह्यावर राजभाषा किती आल्या-गेल्या! निजामाच्या काळी शिक्षण उर्दूत होते. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते गेले. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तिकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या इकडे आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ मध्ये तेलंगण झाले आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. माझे वडील ‘जितना-उतना’वरून इंग्रजी शिकले, मी ‘जितके-तितके’वरून आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. आमच्या दोघांच्याही आड घरची भाषा कधी आली नाही. ती शिडीसारखी उपयोगी पडली. नातवाच्या पिढीला मात्र आपण सांगतो की शिडी काढा आणि माडीवर उडी मारा.

इंग्रजी नको, असे मी म्हणत नाही. ती हवीच. तेलुगू तर हवीच हवी. ज्या मातीचे अन्न खातो तिची ती भाषा आहे. पण मूल नवी भाषा शिकते ते जुनीच्या खांद्यावर बसून. मराठी कच्ची राहिली तर इंग्रजीही पाठांतराचीच राहील. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा आधार घेतला. त्यांनी इंग्रजीकडून मराठी समजून घेतली. आपल्या मुलांना मराठीकडून इंग्रजी समजावी, म्हणजे ते देणे-घेणे पुरे होईल.

हे सारे त्या रात्री मी नातवाला एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. वहीत फक्त तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या : मराठी, तेलुगू, इंग्रजी. ‘जितके’, ‘एंत’ आणि पहिला ‘द’ यांना लाल पेन्सिलीने गोल केला. ‘तितके’, ‘अंत’ आणि दुसरा ‘द’ यांना निळ्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आबा, म्हणजे दोन मला आधीच येत होत्या!”

बासरला सरस्वतीपुढे बसवून त्याच्या हातात पाटी दिली होती, तो दिवस मला आठवला. तिथे मराठी मूल आणि तेलुगू मूल शेजारी बसून अक्षर गिरवते आणि देवी कुणाला भाषा विचारत नाही. वही मिटताना नातवाने खाली स्वतःचे एक वाक्य लिहिले आणि मला दाखवले. त्यात दोन्ही ‘द’ जागच्या जागी होते.