कुठले जाधव?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. आणि आधीच सांगतो, कुणाला आरक्षण मिळावं आणि कुणाला नाही, हा इथला विषय नाही. विषय एका आडनावाचा आहे. ते माझंही आहे.

महाराष्ट्रात कुणाला 'मी जाधव' म्हणून सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठले जाधव?" विचारणाऱ्याला गाव हवं असतं असं वरवर वाटतं. खरं त्याला काय हवं असतं ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मी वीस वर्षं "बार्शीचे" एवढंच उत्तर देत आलोय.

हे आता लिहायचं कारण माझीच एक चूक. 7 सप्टेंबर 2023 ला शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला. तहसिलात, शाळांत, जन्ममृत्यूच्या दफ्तरात, अगदी पोलीस ठाणी आणि कारागृहांच्या रजिस्टरांतसुद्धा. स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या वेबसाइटवर यायला लागली. त्या घाईत मी बातमी दिली की अमुक गावात जाधवांच्या कुणबी नोंदी सापडल्या. बातमी खोटी नव्हती. पण मथळ्यात 'जाधवांच्या' हा शब्द मी घातला होता. मूळ पानावर तो नव्हताच! मला ज्यानं सांगितलं त्यानं आजच्या घरांवरून अंदाज बांधला होता आणि मी तो तसाच छापला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. जो तो जाधव विचारायचा, "दादा, आपली पण नोंद निघाली का?" त्यात एक पोरगा होता, बारावी झालेला, नर्सिंगला जायचं होतं. त्याच्या आईनं एका एजंटाला आठ हजार दिले होते, 'वंशावळ जुळवून देतो' म्हणून. एजंटानं काय जुळवलं? आडनाव. शेजारच्या गावातला एक 'जाधव' उचलून ह्यांच्या पणजोबाच्या वर चिकटवला. पोरगा कागद घेऊन माझ्याकडे आला कारण बातमी माझी होती. कागद बघून मला घाम फुटला. पडताळणीत रक्ताच्या नात्यातल्या माणसाची नोंद लागते, वडिलांकडच्या बाजूची, आणि मधली एकेक पिढी कागदानं जोडून दाखवावी लागते. आडनाव सारखं आहे म्हणून कुणी कुणाचा पणजोबा होत नाही. तो अर्ज मी त्याला भरू दिला नाही. आठ हजार मात्र गेले.

त्यानंतर मी स्वतःच 'जाधव' शोधायला बसलो.

सुरुवात सोपी वाटली, कारण इतिहासात जाधव भरपूर आहेत. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील. 1629 मध्ये दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात त्यांना मुलांसकट मारलं. पुढं धनाजी जाधव, वाघोलीचे पिलाजी जाधव. मागं जावं तर देवगिरीचे यादव. यादवचं जाधव होणं भाषेच्या वळणात बसतं, योगीचं जोगी झालं तसंच. पण शब्द देवगिरीहून आला म्हणून आपण सगळे तिथूनच आलो असं कुठं असतं? आमच्या एका लग्नाच्या पत्रिकेत 'देवगिरीचे यादवकुलोत्पन्न' असं छापलं होतं. छापखान्यात तो मजकूर तयारच असतो, नाव तेवढं बदलतात.

मग ग्रंथालयाची सूची. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' 1800 ते 1937 पर्यंतची पुस्तकं नोंदवते. एका माणसानं उभं केलेलं हे काम हातात घेऊन बघाच. पण सूचीचं काम पुस्तक सापडवून देणं, नातं सांगणं नव्हे. ग्रंथालयात 'जाधव' या नावाखाली समीक्षक रा. ग. जाधव आणि 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे नरेंद्र जाधव शेजारीशेजारी बसतात. दोघांचा एकमेकांशी काय संबंध? वर्णानुक्रमाचा.

रोमन लिपीतल्या सूचीत तर आणखी गंमत. ग्रँट डफनं 1826 च्या इतिहासात आपल्याला 'जॅडो' करून टाकलंय. विदर्भात लोक शेवटी 'ओ' लावून 'जाधाव' असं काहीतरी लिहितात, गुजरातेत मधला 'ह' गळतो. अमेरिकेतल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या सूचीत शेवटी एक 'अ' जास्त लागतो. एकाच स्पेलिंगनं शोधलंत तर निम्मे जाधव दिसणारच नाहीत. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर. इमारत 1891 ची. आत रुमालांत बांधलेले मोडी कागद. सरदेसायांनी त्यातलेच निवडक 45 भागांत छापले. मी तिथं जाऊन म्हणालो, "जाधवांचे कागद बघायचेत." समोरचे गृहस्थ हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "आडनावानं इथं काही लागत नाही. प्रांत सांगा, परगणा सांगा, मौजे सांगा." दफ्तर लावलंय ते राज्यकारभाराच्या सोयीनं. रोजकीर्द म्हणजे रोजचा हिशेब, घडणी म्हणजे बाबवार खातं, आणि मग प्रांतवार कागद. सरदार असेल तर त्याचं नाव वर येतं. साधा रयत असेल तर गावाच्या नावाखाली, बापाच्या नावासकट: अमका बिन तमका. बहुतेक ठिकाणी बात तिथंच संपते.

म्हणजे तिथंही पहिला प्रश्न तोच होता, कुठले जाधव? फक्त ह्या वेळी विचारणाऱ्याला खरंच गाव हवं होतं.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी आहे, हे बार्शीकरांना सांगायला नको. बार्शी तालुका इंग्रजांच्या मुलखातला आणि भोवती बहुतेक मोगलाई. आमचं मूळ गाव परंड्याकडचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. बार्शीच्या बाजूला गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद, जुनी पानं मोडीत. परंड्याच्या बाजूला उर्दू, आणि पुढे खासरा पत्रक, पाहणी पत्रक. चुलत भाऊ दोन गावांत राहिले तर एकाचा कागद मोडीत आणि दुसऱ्याचा उर्दूत. दोन्ही वाचणारा माणूस शोधण्यात माझा एक उन्हाळा गेला.

आणि जाधव सगळीकडे. मराठ्यांत, बौद्धांत, चर्मकारांत. तांड्यावर जा, राठोड, पवार, चव्हाण यांच्या जोडीला जाधव आहेतच. त्या तांड्यावरच्या जाधवाला महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला मिळतो आणि तेलंगणात तोच समाज अनुसूचित जमातीत आहे. पुराव्याच्या तारखाही वेगळ्या: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधीचा कागद असला तर बरं, नाहीतर दक्षता पथक, चौकशी आणि हेलपाटे. आडनाव एकच, खिडक्या चार.

आडनाव कागदावर पक्कं होतं ते बहुतेक घरांत शाळेमुळं. बाबासाहेबांचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या. घराणं सकपाळांचं, पण 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत नाव लागलं ते भिवा रामजी आंबेडकर. आंबडवे गावावरून. त्या रजिस्टरच्या एका ओळीच्या अलीकडे 'आंबेडकर' शोधत बसलात तर हाती काय लागणार?

आमच्या घरचंही तसंच निघालं. आजोबांच्या प्रवेश निर्गम उताऱ्यावर 'जाधव' आहे. त्यांच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदावर फक्त नाव, वल्द, बापाचं नाव. त्याच्या मागं काही नाही. म्हणजे कागदोपत्री आमचं जाधवपण तीन पिढ्यांचं. आजोबांचा धाकटा भाऊ सोलापूरला गिरणीत लागला, तिथं कुणीतरी गावावरून 'कर' लावून त्याचं नाव लिहिलं. त्याची नातवंडं आजही तेच आडनाव लावतात. आमचा पणजा एकच. पण आडनावानं शोधणाऱ्याला ते आमचे कुणीच लागत नाहीत, आणि एजंटाचा तो शेजारच्या गावातला जाधव मात्र भाऊबंद ठरतो!

त्या पोराचं सांगायचं राहिलं. आम्ही आडनाव सोडून दिलं आणि त्याच्या आजीला बसवून नावं विचारली. आजीनं सासऱ्याच्या बापापर्यंत नावं सांगितली, घरातला तुकडा कुठल्या ओढ्याकाठी होता तेही सांगितलं. त्यावरून शाळेतला एक आणि जमिनीचा एक, असे दोन कागद लागले. जातीच्या रकान्यातलं एक अक्षर पुसट आहे, मोडीवाले आणि मी दोघंही त्यावर सही करायला तयार नाही. मूळ रजिस्टर बघण्यासाठी अर्ज दिलाय. नर्सिंगचं एक वर्ष हातचं गेलं, ते परत येत नाही. त्यातला माझ्या मथळ्याचा वाटा मी नाकारत नाही.

ज्यांना स्वतःचं शोधायचंय त्यांनी एजंटाकडे जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. आज्जी, आत्या, कुणीही. नावं लिहून घ्या, टोपणनावंसुद्धा. जुन्या कागदात 'तुकाराम' नसतो, 'तुका' असतो. गाव पूर्वी कुठल्या तालुक्यात होतं ते विचारा. मग शाळा, मग तहसील. दर शनिवारी दुपारी मी वाचनालयात असतो, मोडीवाले सरही येतात, पैसे घेत नाहीत, चहा चालतो. येताना मूळ कागदाचा फोटो आणा, व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला नको, त्यात अक्षर लागत नाही.

आणि त्या एजंटाचं नाव विचारून इनबॉक्स भरू नका. आईनं तक्रार द्यायचं ठरवलं तर बातमी देईन. ह्या वेळी मथळा दोनदा वाचून.