बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि आपत्काळ : अहमदनगरच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

आपल्याकडील संशोधक सनदा, महजर, बखरी व शकावल्या यांच्या शोधार्थ वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवळांच्या कोठ्यांत हिंडले. परंतु चर्चच्या कपाटांतील बाप्तिस्म्याचीं नोंदपुस्तकें व प्रभुभोजनास बसणारांच्या याद्या यांकडे त्यांची दृष्टि क्वचितच गेली. हे कागद परकीयांचे आणि एका पंथापुरते, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असावी. ती बरोबर नाहीं. एकट्या अहमदनगर (हल्लीच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा विचार केला तरी, पटकी, दुष्काळ व प्लेग यांनीं गांजलेल्या ज्या लोकांनीं स्वतःच्या हातचें अक्षरहि मागें ठेवलें नाहीं, त्यांचा माग लावण्याचें साधन या कागदांत आहे. ख्रिस्ती उपासनेनें व संस्कारांनीं या पीडितांना काय दिलें आणि त्यास 'आरोग्य' म्हणतां येईल तर कोणत्या अर्थानें, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ सालीं मुंबईस आले. त्यांच्यापैकीं ग्रेव्ह्ज, हर्वे व रीड हे तिघे डिसेंबर १८३१ मध्यें नगरास येऊन राहिले. त्यांच्यासमवेत बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांचें चरित्र हॉलिस रीड यानें १८३६ सालीं न्यूयॉर्क येथें दोन भागांत छापून प्रसिद्ध केलें. शहरांतील आंधळे, पांगळे, वृद्ध व निराश्रित यांच्यासाठीं या मंडळींनीं एक अनाथगृह चालविलें. तेथें धान्य वांटीत व त्याबरोबर उपदेश करीत. हें काम मुख्यत्वें बाबाजींकडे असे. परंतु वर्ष लोटण्यापूर्वींच, मे १८३२ मध्यें, हर्वे पटकीनें वारला. पुढें १८३३ सालीं नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत या अनाथगृहांतील माणसें होतीं आणि बाबाजी तिचे वडील झाले. त्याच वर्षाच्या एप्रिलांत बाबाजीहि पटकीनेंच गेले.

या तारखा एकापुढें एक मांडल्या म्हणजे पहिली गोष्ट स्पष्ट होते. नगरांतील ख्रिस्ती उपासनेचा आरंभ रोग बरा करण्याच्या चमत्कारानें झालेला नाहीं. उपदेश करणारा व ऐकणारा दोघेहि एकाच साथीच्या तोंडीं होते. आणि पाण्यानें बाप्तिस्मा देणारांस पटकी पाण्यांतूनच पसरते हें ठाऊक नव्हतें. कॉखनें तिचा जंतु ओळखला तो त्यानंतर अर्ध्या शतकानें, १८८३-८४ सालीं. सबब, त्या मंडळीला जें मिळालें तें शरीराचें आरोग्य नव्हे. मग तें काय होतें?

उत्तरासाठीं त्या वेळच्या गांवाची रीत पाहिली पाहिजे. पटकीची साथ आली म्हणजे मरीआईची पूजा होई, तिचा गाडा ओढीत वेशीबाहेर नेत आणि रोग पुढल्या गांवीं गेला असें मानीत. या विधींत महाराचें व पोतराजाचें काम अटळ असे. म्हणजे रोग वेशीबाहेर घालविण्यास जो लागे, तो स्वतः मात्र कायमचा वेशीबाहेर राही. विधि गांवाचा आणि त्यांतील कष्ट महाराचे. पंगतीला मात्र त्याला ठाव नाहीं. प्रभुभोजनाचा विधि याच्या नेमका उलट आहे. त्यांत बाहेर घालविण्याचें कांहीं नाहीं. एक भाकर मोडून ती सर्वांनीं खावयाची व एका प्याल्यांतून सर्वांनीं प्यावयाचें. युरोपांत हें धर्मतत्त्व म्हणून वाचलें जाई. नगरांत तो रोटीव्यवहाराचा प्रश्न झाला. जात ठेवून या पंगतीस बसतां येत नाहीं, असा अमेरिकन मिशनचा दंडक होता.

याचा अर्थ कळण्यास पुढील एकच गोष्ट पुरेशी आहे. हरिपंत रामचंद्र खिस्ती यांनीं १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतला; रामकृष्ण विनायक मोडक कांहीं वर्षांनीं त्याच मार्गानें आले. दोघेहि ब्राह्मण. १८५४ सालीं दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या मंडळींत महार सभासदांचाच भरणा होता. ज्या शहरांत ब्राह्मणाच्या विहिरीला महाराचा हात लागणें अशक्य, तेथें ब्राह्मण पाळक भाकर मोडून महाराच्या हातीं देत होता आणि त्याच प्याल्यांतून पीत होता. या विधीनें कोणाचा ताप उतरला असें कोणी म्हणणार नाहीं; परंतु माणसाला टाकून देण्याचा जो जुना रोग, त्यावर तो उतारा होता. नगरच्या संदर्भांत 'आरोग्य' शब्दाचा मुख्य अर्थ हाच घ्यावा, असें आमचें मत आहे.

या मतावर आक्षेप येईल तो दुष्काळांच्या इतिहासावरून. १८७६-७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ या जिल्ह्यास फार जाचले. दोन्ही वेळां मिशनऱ्यांनीं धान्य, काम व अनाथ मुलांस आश्रय दिला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांस या कार्याबद्दल सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. पहिल्या दुष्काळानंतर निरनिराळ्या मिशनांकडे बाप्तिस्मा मागणारांची संख्या वाढली, हें निर्विवाद आहे. तेव्हां, प्रभुभोजनाची भाकर राहो, लोक आले ते पोटाच्या भाकरीसाठीं, असें विरोधक म्हणत. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. उपाशी माणसाचा हेतु अन्नापासून वेगळा काढणें त्याला स्वतःलाहि जमलें नसेल. तथापि मिशनरी अहवालांवर भिस्त ठेवून याचा निकाल लागणार नाहीं, आणि विरोधकांच्या लेखांवरूनहि लागणार नाहीं. निकाल लागेल तो नोंदपुस्तकांवरून. बाप्तिस्म्याची तारीख मदत चालू असतांनाची कीं बंद झाल्यानंतरची? दुष्काळ सरल्यावर दहा वर्षांनीं तेंच नांव प्रभुभोजनाच्या यादींत आहे कीं गळलें? गळलें तर मृत्यूनें, स्थलांतरानें, कीं परत फिरल्यानें? गांवोगांवच्या याद्या ताडून पाहिल्या तर यांचीं उत्तरें मिळण्यासारखीं आहेत.

संस्कारांबरोबर उपासनेचाहि विचार केला पाहिजे. पहिल्या पाद्र्यांनीं आपल्याकडील चाली आणल्या. परंतु दुःखांत माणूस परक्या चालीवर रडत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नगरकडील ख्रिस्ती मंडळींनीं कीर्तनाची पद्धति उचलली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव या बाबतींत अग्रगण्य आहे. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढें नगर जिल्ह्यांत वास्तव्य केलें. त्यांनीं अभंगाला ख्रिस्ती उपासनेंत कायमची जागा मिळवून दिली. त्यांच्या दीक्षेनें संसारांत पडलेली चीर लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत सांगितली आहे. पतीपाठोपाठ त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. तो पांच वर्षांनीं, १९०० सालीं घेतला. आणि त्यापूर्वीं त्यांच्या मनांतून जातिभेद गळून पडला होता. येथें संस्कारानें बरें केलें असें न म्हणतां, आधीं झालेल्या बऱ्यावर संस्कारानें शिक्का मारला, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

आतांपर्यंत प्रॉटेस्टंट मंडळींचा विचार झाला. त्या दोनच संस्कार मानतात. कॅथॉलिक मंडळी सात मानते, व त्यांत रुग्णास तैलाभ्यंग करण्याचा एक स्वतंत्र संस्कार आहे. त्याचा आधार याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आहे. पूर्वीं हा संस्कार मरणोन्मुख माणसासाठीं राखून ठेवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) तो गंभीर दुखण्याईतांसाठीं आहे, यावर भर दिला गेला. या मंडळीचें जिल्ह्यांतील प्रख्यात स्थान म्हणजे श्रीरामपूर तालुक्यांतील हरेगांव. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळें मजुरांची वस्ती वाढलेल्या या गांवीं जेझुइट संघाचे फादर बाडर यांनीं १९४९ सालीं मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास यात्रा सुरू केली. ती अद्याप दर सप्टेंबरांत भरते. ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदु यात्रेकरूहि येतात. दुखण्यासाठीं नवस बोलतात व फेडतात. देवीचें तेथील नांव मतमाउली. ज्या जिल्ह्यांत नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या कर्त्यास लोक माउली म्हणतात, त्याच जिल्ह्यांत मरियेला हें नांव मिळावें, यांत संशोधकास नवल वाटूं नये. दुखणेकरी माणूस ज्या शब्दानें आईला हांक मारतो, तोच शब्द तो देवासाठीं वापरतो. नवसानें रोग गेला कीं नाहीं हें ठरविणें इतिहासाचें काम नव्हे. कोण आले, कोठून आले व काय मागितलें, हें टिपून ठेवणें मात्र आहे.

शेवटीं एका उलट उदाहरणाचा निर्देश केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. रूथ ह्यूम यांनीं नगरास स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं चालविलेलें मिशनचें रुग्णालय १९३९ सालीं मुक्तिफौजेकडे गेलें. तेंच आजचें बूथ रुग्णालय. मुक्तिफौज बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि पाळीत नाहीं. असें असतां २०२० सालच्या करोनाच्या साथींत रुग्णांस जवळ घेणाऱ्या ठिकाणांत हें रुग्णालय होतें. यावरून संस्कार निरर्थक ठरतात, असें कोणी अनुमान काढूं नये. जी गोष्ट विधीनें एका पिढीच्या हाडीं रुजविली, ती पुढें विधीवांचूनहि हातून घडते, एवढेंच यावरून दिसतें. १८३२ सालीं अनाथगृहांत बसलेल्या पांगळ्याला जें हवें होतें तेंच २०२० सालच्या रुग्णालाहि हवें होतें : लोक दूर पळत असतां कोणीतरी जवळ येणें.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी आहे कीं, जुन्या चर्चांचीं नोंदपुस्तकें, पाळकांच्या रोजनिशा, कीर्तनकारांच्या हस्तलिखित वह्या आणि १८४२ सालीं नगरासच निघालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक यांची वाळवी लागण्यापूर्वीं विचारपूस करावी. मालकी त्या त्या मंडळीकडेच असूं द्यावी. नक्कल मात्र करून घ्यावी. नक्कल करतांना नांव, बापाचें नांव, गांव, तारीख व शेरा हीं जशींच्या तशीं उतरावीं. अशुद्ध लेखन शुद्ध करूं नये. अनेक कुटुंबांत पूर्वजाचें नांव प्रथम कागदावर चढलें तें याच वहींत असेल. ज्यांना गांवानें पंगतींत घेतलें नाहीं, त्यांना निदान इतिहासाच्या यादींतून तरी आपण गाळूं नये.