अक्षरांची गोडी

बीडपासून थोड्या अंतरावर, मांजरसुंब्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. कड्यावरून पाण्याची धार पडते आणि जवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैव परंपरेतील या सत्पुरुषाने आपला ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचला. त्याची पारायणे आजही होतात. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्याप्रमाणेच कर्नाटकातूनही दिंड्या येतात.

याच सुमारास या जिल्ह्यातील गावांतून आणखी एक प्रस्थान चालू असते. दिवाळी उरकली, न उरकली, तोच ऊसतोडीचे हिशेब सुरू होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पीठमीठ, भांडी, शेळी आणि पोरे गाडीत घालून हे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामागून इतर आले. पुढे १९७२च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतकऱ्याचा उरलासुरला धीर मोडला. तेव्हापासून हा ओघ वाढतच गेला. मोठ्यांच्या कष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे बोलायचे आहे ते गाडीत भांड्यांच्या शेजारी बसलेल्या, दुसरी-तिसरीतल्या पोराविषयी. त्याची शाळा आता पाडव्यापर्यंत सुटली.

अशा मुलाला ‘शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणून हात झटकण्याची आपली रीत फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, परवचा घोकायचा, आणि चुकले की अंगठे धरून उभे राहायचे. त्या शाळांतून सुरेख मोडी लिहिणारे लोक निघाले हे खरे. पण छडीच्या भीतीने पळून गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली?

विद्येची गोडी ही लावावी लागते, ती आपोआप लागत नाही, हे आपल्याकडे सरकारदरबारी स्पष्ट मांडणाऱ्यांत जोतीराव फुले अग्रणी होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्याची आठवण प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा या मागणीसाठी काढली जाते. त्यातला दुसरा भाग मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. शेतकऱ्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या, म्हणजे त्यांच्यात विद्येची आवड उत्पन्न होईल, असे ते म्हणतात. आणि मास्तर कोण असावा? शक्यतो शेतकरी वर्गातलाच. मुलांच्या आईबापांत मोकळेपणी मिसळणारा आणि वेळप्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा! मोडी आणि बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहितीही त्यांना हवी होती. नावड मुलात नसते, शाळेच्या परकेपणात असते, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

बक्षिसांविषयी मात्र पुढच्या शिक्षकांचे त्यांच्याशी जमले नसते. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या होत्या. माँटेसोरी बाईंच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता; शिक्षा नको आणि बक्षिसाची लालूचही नको, मुलाला कामातच आनंद मिळाला पाहिजे, हा त्या पंथाचा मूलमंत्र. परंतु माँटेसोरीची साधने पडली महाग, आणि तशी बालमंदिरे शहरातल्या सुखवस्तू घरांतच शोभायची. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. बालवयातच वैधव्य आलेल्या, मोरगावच्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि जन्माच्या सहकारी झाल्या.

बालवाडी थाटली, तरी वस्तीतली मुले तिकडे फिरकत ना. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ही अंगणवाडी! १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, तिने हेच नाव घेतले, आणि आज ते देशभर झाले आहे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाच तेथला पहिला धडा. खडे, शिंपले, पाने, बिया ही साधने. त्यांना पैसा लागत नाही आणि मुलाच्या ती ओळखीची असतात.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरे राखायची. गुरे सोडून शाळेत ये, असे म्हणणे म्हणजे घरचा एक कामाचा हात तोडणे. मग शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत आहेत, झाडाच्या सावलीत मुले बसली आहेत आणि मोजणी-वाचन चालले आहे, अशी ती कुरणशाळा. लहान भावंडे सांभाळायची म्हणून मोठी बहीण घरी राहते, हेही त्यांनी हेरले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी केली. बहीण भावाला कडेवर घेऊन यायची; तो पाळणाघरात, ती वर्गात. मला विचाराल तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील हा शोध एखाद्या विद्यापीठाच्या स्थापनेहून कमी मोलाचा नाही.

ऊसतोडीच्या मुलांसाठी याच वाटेने पुढे साखरशाळा निघाल्या. कारखान्याच्या आवारात, कोप्यांच्या शेजारी वर्ग भरू लागले. वीटभट्ट्यांवर अशाच भोंगाशाळा झाल्या. पण तोड एका जागी थांबत नाही. आज या फडात, चार दिवसांनी पलीकडच्या गावात. मास्तरांनी नावे लिहून घ्यावीत, तोवर टोळी हललेली. २००९चा शिक्षणहक्काचा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. त्यानंतर मूल गावातल्या शाळेतच टिकवावे यावर भर आला. हंगामी वसतिगृहांचा तोच हेतू: आईबाप तोडीवर, मूल आजीआजोबांपाशी, आणि दोन वेळची भाकरी गावातच. जिथे हे नीट चालते, तिथे मुलाचे वर्ष वाचते. जिथे अन्न वेळेवर मिळत नाही किंवा घरी म्हातारे माणूसच नसते, तिथे ते पोर आईच्या मागे जाते. त्यातही मुलगी आधी जाते, कारण फडावर तान्ह्याला सांभाळायला कोणीतरी हवे असते. कोसबाडला कडेवरच्या भावासह वर्गात आलेली ती बहीण, आणि ही, दोघींचे वय साधारण एकच.

हंगाम संपवून गाड्या परततात तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. चौथीतला मुलगा वर्गात मागच्या ओळीत येऊन बसतो. किती मोळ्यांनी गाडी भरते, टनाला काय मिळते, उचलीतले किती फिटले आणि किती अंगावर राहिले, हे सारे त्याला तोंडपाठ असते. फळ्यावर त्या दिवशी अपूर्णांकांची उजळणी चालू असते.