ऑफिसातला तपकिरी फोटो

मेंटेनन्सचा चेक द्यायला आपल्या सोसायटीच्या ऑफिसात गेलं की टेबलामागच्या भिंतीवर शनिवारवाड्याचा एक जुना, तपकिरी फोटो दिसतो. दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना, दोन्ही बाजूंचे बुरूज आणि पुढ्यात भाजीबाजाराची ही गर्दी. ‘पेशव्यांच्या काळातला फोटो’ असं म्हणून बहुतेकजण पुढे जातात. तसा तो असूच शकत नाही, बरं का!

पहिल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० रोजी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला. खर्च १६,११० रुपये. (आज मारुंजीत तेवढ्यात एका खोलीचं फर्निचरही होत नाही.) १८१८ ला पेशवाई संपली आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे अकरा वर्षांनी चुकामूक झाली! आतले महाल कॅमेऱ्याने कधी पाहिलेच नाहीत. सिनेमात दिसतात ते सेट. फोटोत आहे ते आगीतून वाचलेलं.

मग फोटो कधीचा? त्याचं उत्तर वाड्यात नाही, गर्दीत आहे. पुण्याची मंडई त्या काळी वाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायची. १८८६ मध्ये रे मार्केटची इमारत उभी राहिली आणि बाजार तिकडे गेला. तेव्हा फोटो त्याआधीचा. गंमत म्हणजे, ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, तीच आज महात्मा फुले मंडई!

काही माणसं धुरकट दिसतात, तो छपाईचा दोष नव्हे. तेव्हा काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. हलला तो पुसला गेला. दरवाजा स्पष्ट आलाय, भाव करणारी बाई मात्र नुसती सावली.

या स्मरणिकेसाठी फोटो मागवले तेव्हा भूमिपूजनाचे, गणपतीचे ढिगाने आले. त्यातल्या काहींत मागे शेतं दिसतात, जिथे आता टॉवर आहेत. काही सभासदांनी माणसं मोठी दिसावीत म्हणून कडा कापून दिल्या होत्या. तेवढं करू नका. मूळ प्रत ऑफिसात आणून द्या, आणि मागे पेन्सिलीने साल लिहा.