उंबरठ्यावरचे अडसर

माळव्याच्या पठारावर धार आणि देवास ही दोन जुनी मराठी गावे आहेत. नर्मदेच्या उत्तरेस मराठ्यांचे घोडे गेले तेव्हा पवार घराण्याच्या निरनिराळ्या शाखांनी येथे आपापल्या गाद्या स्थापिल्या. देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांनी १७२८ च्या सुमारास राज्य मांडले. थोरली पाती आणि धाकटी पाती असे त्याचे दोन भाग झाले, आणि एकाच गावात दोन राजे, दोन दरबार नांदू लागले. घरात मराठी आणि बाजारात माळवी, असा येथील मराठी कुटुंबांचा परिपाठ असे. अशा या मुलखात ख्रिस्ती धर्माचा संदेश येऊन आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. तरीही तो स्वीकारणारे मूठभरच राहिले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा ०.२९ इतके अल्प आढळले.

असे का झाले? हा प्रश्न निघाला की तत्त्वज्ञानातील मतभेदाकडे बोट दाखविले जाते. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, एकच तारणारा ही कल्पना मनास रुचत नाही, असे सांगितले जाते. ते काही अंशी खरेही आहे. पण माणूस घराचा उंबरठा ओलांडत नाही त्याची कारणे नेहमी तर्कशास्त्रात सापडत नाहीत. ती राजवाड्यात, स्वयंपाकघरात, न्यायालयात आणि पुष्कळदा स्मृतीत दडलेली असतात. धार आणि देवास यांच्या इतिहासात त्यांपैकी बहुतेक सर्व पाहावयास मिळतात.

पहिला अडसर सत्तेचा. १८१३ साली कंपनीच्या सनदेत फेरबदल होऊन मिशनऱ्यांना ब्रिटिश मुलखात वाट मोकळी झाली. माळव्यातील संस्थानांत मात्र राजाची परवानगी हीच सनद होती. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी १८७७ साली महू आणि इंदूर येथे येऊन राहिले, तेव्हा त्यांना याचा लवकरच अनुभव आला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने शहरातील उपदेश व शाळा यांना हरकत घेतली आणि हा तंटा वर्षानुवर्षे चालला. गोऱ्या मिशनऱ्यांच्या पाठीशी गोरा अधिकारी उभा राहील असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात गव्हर्नर जनरलचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांनी त्यांची बाजू उचलून धरली नाही. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते, आणि संस्थानिकांस दुखविणे राजकारणाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते.

तरीही सामान्य माणसाच्या दृष्टीने पाद्री आणि साहेब यांच्यात फारसे अंतर नव्हते. धारला तर ते मुळीच दिसणे कठीण होते. १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. त्यानंतर संस्थान खालसा करण्यात आले आणि १८६० साली ते तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, तेही बैरसिया परगणा वगळून. त्या तोफा ऐकलेली माणसे धारमध्ये मिशनचे काम सुरू झाले तेव्हा हयात होती. ज्यांच्या रंगाच्या माणसांनी किल्ला फोडला, त्यांच्याच रंगाचा माणूस हाती पुस्तक घेऊन प्रेमाचा देव सांगू लागला, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी काय उभे राहील? ख्रिस्त आशिया खंडात जन्मला ही गोष्ट त्या काळी कितीदा सांगितली गेली असेल, पण तो येथे आला तो परदेशी पोशाखात आणि परदेशी सुरावटीत आला.

राजसत्ता सदैव विरोधीच राहिली असे मात्र नव्हे. १८९५ साली डॉ. मार्गारेट ओहारा या कॅनेडियन बाई धारला आल्या. त्यांनी तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभारले आणि ते दरबाराच्या सद्भावनेवाचून शक्य झाले नसते. ज्या घरांत परपुरुष वैद्याचा हात नाडीलाही लागत नसे, त्या घरांतील स्त्रियांना बाईडॉक्टर हे मोठेच वरदान होते. धारच्या राण्यावस्त्यांपासून भिल्लांच्या पाड्यांपर्यंत रोगी येत राहिले. औषध घेतले गेले, कृतज्ञताही व्यक्त झाली. पण औषधाबरोबर ऐकलेली प्रार्थना बहुतेकींनी दाराशीच ठेवली आणि त्या घरी परतल्या.

येथे दुसरा अडसर दिसतो आणि तो पहिल्याहून कितीतरी बळकट होता. तो जातीचा आणि घराचा. बाप्तिस्मा म्हणजे मनातील एक बदल, असे मिशनरी समजत. आप्तांच्या दृष्टीने तो जिवंत माणसाचा मृत्यू होता. पाणी तुटले, पंगत तुटली, लग्नसंबंध तुटले, की त्या माणसाला समाजात पाय ठेवायला जागाच उरत नसे. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांजवळ राहत होता. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि तो अज्ञान मुलगा बापाच्या स्वाधीन करण्यात आला. पण खरा वाद पुढेच पेटला. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला पुन्हा जातीत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घेण्याचा पक्ष उचलला आणि त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करला. जो मुलगा धर्मांतरित झालाच नव्हता, त्याच्यासाठी जर एवढे रण माजले, तर जो खरोखरच गेला त्याची वाट किती बिकट असेल, हे सहज ध्यानी यावे.

पन्नास वर्षांनीही फारसा फरक पडला नव्हता. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ज्या वर्षी ओहाराबाई धारला आल्या त्याच वर्षी. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळ्याओवळ्याचे जे प्रसंग आहेत ते वाचताना हसू येते आणि डोळेही पाणावतात. पुस्तकातील ईश्वरापेक्षा घागरीतील पाणी त्या काळच्या स्त्रीला अधिक अडवीत होते.

कायद्याने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला होता. १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये असे ठरले. १८६६ च्या कायद्याने ज्याच्या जोडीदाराने धर्मांतरामुळे त्याला सोडले त्याला पुनर्विवाहाची वाट मिळाली. परंतु हे कायदे ब्रिटिश मुलखाचे होते. धार-देवासच्या प्रजेला त्यांचा आपोआप आधार नव्हता. तेथे जमिनीचा तुकडा, वतन, दरबारची चाकरी, सारे काही राजाच्या आणि जातीच्या मर्जीवर टिकून असे.

तिसरा अडसर यांहून निराळा आहे. त्यास अडसर म्हणावे की संपत्ती म्हणावी, हाच प्रश्न पडतो. देवासच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव हे श्रीकृष्णाचे निस्सीम भक्त होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेला आणि १९२१ साली काही महिने या राजाचा खासगी चिटणीस होता. तेथला गोकुळाष्टमीचा सोहळा त्याने डोळ्यांनी पाहिला. भजन, नाच, गर्दी, गोंधळ आणि त्या गोंधळात बेभान झालेला राजा हे सारे त्याच्या मनावर इतके ठसले, की १९२४ साली आलेल्या त्याच्या भारतविषयक कादंबरीचा शेवटचा भाग त्यातूनच उभा राहिला. पुढे १९५३ साली त्याने देवासच्या दिवसांची पत्रेही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. फॉर्स्टर धर्मप्रचारक नव्हता आणि श्रद्धाळू ख्रिस्तीही नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. ज्याला देव बालक होऊन पाळण्यात झोपतो हे गोकुळाष्टमीने शिकविले आहे, त्याला देव माणूस झाला ही वार्ता नवी वाटत नाही. तहान लागलेल्यास पाणी देता येते. ज्याचा घसा ओला आहे त्याला नवी विहीर कशासाठी, हे पटवून देणे अवघड असते.

मराठी ख्रिस्ती समाजातील ज्यांना हे उमगले ते थोडे होते. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांनी काढले होते. त्यांनी ख्रिस्ती भजने मराठी वळणाची केली आणि कीर्तनाची परंपरा चर्चमध्ये आणली. पण टिळकांसारखे किती? पुष्कळ ठिकाणी नव्या ख्रिस्त्याने आधी आपले नाव टाकावे, सण टाकावा, गाणे टाकावे आणि मगच देवाला शोधावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. हा अडसर चर्चनेच आतून घातला होता.

चौथा अडसर सर्वांत विलक्षण, कारण तो करुणेतून निर्माण झाला. १८९९-१९०० साली, विक्रम संवत् १९५६ मध्ये, माळवा, राजपुताना आणि गुजरात या भागांवर भीषण दुष्काळ कोसळला. आजही जुनी माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. मिशनांनी अनाथ मुले उचलली, अन्न दिले, निवारा दिला. त्यापूर्वी पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावच्या आश्रमात वाढविल्या होत्या. यांतील पुष्कळ मुले पुढे ख्रिस्ती झाली. त्यांच्या जिवाचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु त्या दिवसापासून भाकरीसाठी धर्म बदलला हा आरोप साऱ्या समाजाच्या माथी बसला. मग जो विचार करून ख्रिस्ती होऊ पाहील त्यालाही लोक विचारू लागले, ‘तुला काय मिळाले?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असले तरी ते ऐकून घेणारा कोणी नसे.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले. १९४८ साली धार आणि देवास मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आले. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे व प्रसृत करण्याचे स्वातंत्र्य दिले. पण संशय निवळला नाही. जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करविली आणि १९५६ साली अहवाल आला. १९६८ साली राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा करून बळजोरी, आमिष व फसवणूक यांनी होणारे धर्मांतर गुन्हा ठरविले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध मानला आणि धर्माचा प्रसार करणे म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, असा निर्वाळा दिला. २०२१ च्या नव्या कायद्याने तर धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हादंडाधिकाऱ्यास कळविण्याची अट घातली. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या उच्च न्यायालयाने त्या कलमाखालील कारवाईस अंतरिम मनाई केली.

याशिवाय एक अडसर भाकरीशी निगडित आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती त्याला मिळत नाहीत. शीख आणि बौद्ध यांना ही सवलत अनुक्रमे १९५६ व १९९० साली मिळाली. धारच्या डोंगरांतील भिल्लांना मात्र अनुसूचित जमात म्हणून धर्माची अट लागू नाही. एका वस्तीतील माणसाला विवेकाची किंमत शिष्यवृत्तीने मोजावी लागते, शेजारच्या वस्तीतील माणसाला लागत नाही. आमिषाचा आरोप करणाऱ्यांनी या उलट बाजूच्या तराजूकडेही एकदा पाहावे.

देवास जिल्ह्यातच या कथेचे शेवटचे पान लिहिले गेले. उदयनगरच्या परिसरात केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्याने वार होऊन त्यांचा अंत झाला. त्यांच्या सेवेमागे धर्मांतराचा डाव असल्याचा संशय पसरविला गेला होता. पण कर्जाच्या जोखडातून माणसे सुटू लागली की कोणाचे नुकसान होते हेही उघड होते. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. त्याला क्षमा मिळाली, २००६ साली तो सुटला आणि त्या कुटुंबाशी त्याचे नाते जुळले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना कॅथलिक चर्चने धन्यवादित घोषित केले.

राखीचा तो धागा चर्चच्या ग्रंथातला नव्हे, तो येथील सणातला आहे. सत्तेने, कायद्याने आणि मदतीने जे जमले नाही ते त्या धाग्याने जमले. त्या माणसाने धर्म बदलला की नाही हा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारला नाही, आणि तो विचारण्याची गरजही नव्हती.

इतिहासाने दाखविलेले हे अडसर काही बाहेरच्यांनी घातले, काही आतल्यांनी. राजाच्या हुकुमाने दार लावता येते, तसेच भुकेल्याच्या हातावर ठेवलेल्या घासानेही ते लावले जाऊ शकते. आत यावे की बाहेर राहावे हे ज्याचे त्याने मोकळ्या मनाने ठरवावे, एवढी जागा उंबरठ्यावर असली पाहिजे. धार आणि देवासच्या माणसांना ती फार क्वचित मिळाली. ती मिळवून देणे हे ख्रिस्ती माणसाचे जेवढे काम आहे, तेवढेच त्याच्या शेजाऱ्याचेही आहे.