शंभराची बोली आणि मधले हात

मागच्या व्याख्यानात आपण जाहिरात एजन्सींच्या १५ टक्के कमिशनपाशी थांबलो होतो. ते जास्त की कमी यावरून भांडणं व्हायची, पण आकडा दोन्ही बाजूंना ठाऊक असे. आज पाहू, इंटरनेटवर या आकड्याचं काय झालं.

गूगलने ३.१ अब्ज डॉलरला घेतलेल्या डबलक्लिकचा व्यवहार २००८ मध्ये पुरा झाला. पुढच्याच वर्षी त्यांचं ॲड एक्स्चेंज नव्या रूपात आलं आणि पान उघडता उघडता जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊ लागला. नियम होता अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेला: मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. म्हणजे जागा १०० ची वाटत असेल तर सरळ १०० म्हणा, लपवण्यात फायदा नाही.

कागदावर छान. पण त्या मांडणीत मधे कोणी नव्हतं. इथे जाहिरातदाराच्या बाजूने एक कंपनी, मग एक्स्चेंज, मग प्रकाशकाच्या बाजूने आणखी एक. प्रत्येकाची आपापली आडत.

एक उदाहरण घेऊ. आकडे आपले, समजण्यापुरते. अ ला जागा १०० ची वाटते, त्याचा मध्यस्थ १५ टक्के कापून ८५ ची बोली पाठवतो. ब ला ती ९० चीच वाटते, पण त्याचा मध्यस्थ ५ टक्केच घेतो, बोली जाते साडेपंच्याऐंशीची. जिंकला ब! ज्याला जागेची गरज जास्त, तो हरला. समजा अ एकटाच आहे, एक्स्चेंज २० टक्के घेतं, तर प्रकाशकाच्या हाती जास्तीत जास्त ६८. त्याने किमान ७० मागितले असतील तर सौदाच मोडतो, आणि १०० द्यायला तयार असलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

याहून बेरकी प्रकार असा. एकाच मध्यस्थाकडे दोन जाहिरातदार असतात, पण तो बाजारात मोठी बोलीच पाठवतो. दुसरी तिथे पोचतच नाही, त्यामुळे 'दुसऱ्या क्रमांकाची' किंमत खाली येते. नुकसान प्रकाशकाचं, आणि त्याला ते दिसतसुद्धा नाही.

दिसलं ते उशिरा. २०१६ मध्ये लंडनच्या गार्डियनने आपल्याच जागा बाजारातून विकत घेऊन पाहिल्या. सर्वांत वाईट प्रसंगी पौंडातले ३० पेन्सच त्यांच्याकडे परत आले. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून हिशेब तपासून घेतला, तेव्हा प्रकाशकांपर्यंत ५१ टक्के पोचल्याचं दिसलं, आणि १५ टक्के कुठे गेले याचा मेळच लागेना.

तोवर बोलीवरचा विश्वास उडाला होता. २०१९ मध्ये गूगलच्या एक्स्चेंजनेही नियम बदलला: जी बोली तीच किंमत. आता १०० म्हणणारा फसणार, म्हणून बोली किती उतरवायची हे सांगणारी सॉफ्टवेअरं आली. त्यांचंही काहींनी शुल्क लावलं, हे ओघाने आलंच.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने या बाजारात गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. एक्स्चेंजचा २० टक्क्यांचा दर वर्षानुवर्षं हललाच नव्हता, ही गोष्ट त्या निकालात नोंदली गेली आहे.