प्रोस्टेटच्या दुर्मीळ गाठी: लंडन, परळ आणि खानदेश

१/ १८५३ साली लंडन हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन ॲडम्स यांनी ५९ वर्षांच्या एका रुग्णाच्या प्रोस्टेटमधील कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नोंदविला आणि हा आजार अत्यंत दुर्मीळ असल्याचे लिहिले. आज तो पुरुषांमध्ये जगभर सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. आयुर्मान वाढले, तपासणारेही वाढले.

२/ आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. धोतर कसून बांधल्याने कंबरेवर होणारा कर्करोग त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. (खानदेशातल्या धोतरवाल्या आजोबांच्या नातवंडांनी ही नोंद वाचावीच.)

३/ त्याच १९४१ साली शिकागोत हगिन्स आणि हॉजेस यांनी दाखवून दिले की, पुरुषी संप्रेरक रोखले की प्रोस्टेटचा कर्करोग ओसरतो. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले.

४/ दुर्मीळ गाठी मात्र या नियमात बसेनात. १९६७ मध्ये मेलिकोव आणि पॅक्टर यांनी प्रोस्टेटमधील एक गाठ गर्भाशयसदृश अवशेषातून उद्भवते असे मानले. ही समजूत खरी धरली, तर इस्ट्रोजेन देणे घातक ठरले असते! पुढे पेशींत पीएसए आढळले आणि ती प्रोस्टेटचीच, नलिकांमधली गाठ ठरली. नाव चुकले की औषध चुकते, ते असे.

५/ लघुपेशी कर्करोगात रक्तातील पीएसए बरेचदा वाढलेले नसते, ग्लीसन श्रेणी लावत नाहीत आणि केवळ संप्रेरकरोधावर भागत नाही. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसोबत इटोपोसाइड द्यावे लागते. लहान मुलांतील रॅब्डोमायोसार्कोमाला रसायनोपचारासोबत किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया लागते. या सर्वांचे निदान बायोप्सी आणि पेशींच्या विशेष रंजनावरच होते.

६/ १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. नंतरचे जळगाव व धुळे. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वे १९०० सालीच आली होती. आता धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून. तरीही शंकास्पद गाठीसाठी मुंबई गाठावी लागते. निघताना फाइलसोबत बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. फेरतपासणी नुसत्या कागदावर होत नाही.